पद्मिनीच्या रबरांसाठी ठेव मोडावी का?

प्रश्न: वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी नौपाड्यात आमच्या सोसायटीत आहे, रविवारी फिरवतो. इंजिन माउंटिंग, बुश, होज पाइप, ब्रेकची किट, काचांची आणि दारांची रबरं असं सगळं बदलायला मेकॅनिकने ३८,००० सांगितले. रंग आणि सीटही केल्या तर १,९०,०००. पगार हातात ८५,०००, घराचा हप्ता ३१,०००, मुलगी बारावीत. दोन लाखांची एकच ठेव आहे. ती मोडून एकदाच सगळं करावं, की गाडी विकावी?

उत्तर: ठेव मोडू नका. अडीअडचणीला तुमच्याकडे तेवढाच पैसा आहे, आणि हप्त्यासकट घरखर्च धरला तर तो जेमतेम तीन महिने पुरेल. रंग आणि सीट मुलीचा प्रवेश होईपर्यंत बाजूला ठेवा. कर्ज तर नकोच.

रबराचं काम मात्र करा, पण टप्प्याटप्प्याने, पगारातून. सगळ्यात आधी ब्रेकच्या किट, म्हणजे ब्रेकमधली रबरी सील, आणि पेट्रोलचा पाइप. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं आणि पेट्रोल गरम इंजिनाजवळ झिरपतं. नवा पाइप इथेनॉलला चालणाराच मागा. त्याच खेपेला माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती रबरं, आणि रेडिएटरचे होज. माउंटिंगचं रबर पट्टीपासून सुटलं की इंजिन हलतं, सायलेन्सरच्या जोडावर ताण येतो, आणि पंखा इंजिनवरच असल्यामुळे पाती रेडिएटरला घासू शकतात. काही शेकड्यांच्या रबरापायी रेडिएटर जाणं मला पटत नाही.

शेवटच्या टप्प्यात बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं. इथे मेकॅनिककडून रबराची किंमत आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. बुश स्वस्त असतो, खर्च येतो तो सस्पेन्शन उघडण्याचा. म्हणून एकदा उघडलं की त्या बाजूचे सगळे बुश बदला, बरे दिसणारेसुद्धा. काचेचं रबर आणि दारांच्या कडेचं रबर, म्हणजे बीडिंग, त्याआधी, जूनच्या आत व्हायला हवं. ठाण्याच्या पावसात पाणी मॅटखाली साचलं की तळाचा पत्रा सडतो, आणि पत्र्याचं काम रबराच्या कितीतरी पट महाग पडतं.

माल घेताना घाई नको. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर त्यांचे सुटे भाग सहज मिळत. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या आणि ते गिऱ्हाईक संपलं. ऑपेरा हाऊस, कुर्ला इथे शोधाल तेव्हा पाकीट जुनं असेल तर रबर बोटांत वाकवून उजेडात धरा. वाकलेल्या भागावर बारीक रेषा दिसल्या तर ते न वापरताच म्हातारं झालेलं आहे, घेऊ नका. एखादा भाग मिळालाच नाही, तर वागळे इस्टेट किंवा रबाळ्याकडे साचा करून रबर ओतणाऱ्यांकडे विचारा. साच्याचा खर्च एकट्याने उचलू नका. चार-पाच पद्मिनीवाले मिळून तो वाटून घ्या.

विकायचं म्हणाल, तर तो घरचा निर्णय आहे. स्वतःच्या वापराची मोटार विकून नफा झाला तरी त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. पण रबरावर घातलेले पैसे किमतीत वसूल होतील असं धरून चालू नका, हा देखभालीचाच खर्च आहे. आणखी एक: पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, म्हणजे तुमची पाळी २०२६ मध्ये. वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याचं शुल्कच १०,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. विंटेज नोंदणीला पन्नास वर्षं लागतात, ती २०३६ च्या आधी नाही.

तेव्हा महिना ६,००० बाजूला काढायला लागा. पहिले दोन-तीन महिने ब्रेक, पाइप आणि माउंटिंगसाठी, मग बीडिंग, मग बुश. नोंदणीचे पैसे मात्र या रकमेत धरू नका, ते आवर्ती ठेवीत आजपासून वेगळे टाका.