टाकीतला मासा मेला. आता सगळं पाणी बदलून टाकी धुऊन काढू का?

तुम्ही लिहिलंय की ६० लिटरची टाकी लावून तीन आठवडे झालेत, आज सकाळी एक मॉली तळाशी मेलेली दिसली, बाकीचे सहा मासे फिरताहेत, आणि आता टाकी रिकामी करून खडीसकट धुवायचा विचार आहे. कृपा करून तेवढं करू नका. मेलेला मासा बाहेर काढा आणि टाकी आहे तशी राहू द्या. असं का, ते सविस्तर सांगते, कारण हीच चूक मी केली होती आणि त्यात माझे चांगले मासे गेले.

माझी पहिली टाकी ४० लिटरची होती, त्यात आठ निऑन टेट्रा. एक मेला. मी घाबरले. उरलेले सात बादलीत काढले, खडी गरम पाण्याने धुतली आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पिळत राहिले. तपकिरी, गढूळ पाणी निघत होतं. ते थांबून स्पंज पांढरा दिसेपर्यंत मी पिळला. नवं पाणी भरलं, टाकी काचेसारखी चकचकीत झाली. पुढच्या पाच दिवसांत त्यातले चार गेले. मरायच्या आधी ते पाण्याच्या वरच्या थरात तोंड लावून धापा टाकत होते, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

मी धुऊन टाकलं होतं ते म्हणजे टाकीतले जिवाणू. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून सतत अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विष आहे. स्पंजवर आणि खडीवर राहणारे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, पण नायट्रेट थोडं असेल तर मासे सहन करतात. ही साखळी नव्या टाकीत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या टाकीला तीनच झालेत, म्हणजे ती आत्ता अगदी नाजूक वेळेत आहे. जेवढे जिवाणू जमलेत तेवढे जपायचे आहेत.

आता आजचं काम. मॉलीला जाळीत घेऊन मिनिटभर कल्ल्यांच्या झाकणांकडे बघा. अजिबात हालचाल नसेल तरच ती मेली असं समजा. (क्लाउन लोच आडवा होऊन झोपतो, फायटर पानावर पडून राहतो, अशांच्या बाबतीत घाई नको.) मग मासा लगेच बाहेर. कोमट पाण्यात शरीर लवकर कुजतं, त्यातून अमोनिया वाढतो, आणि बाकीचे मासे ते टोचू लागतात. आजार असेल तर तो असाच पसरतो. पुढे कधी एखादा मासा गायब झाला तर फिल्टरच्या मागे, झाडांच्या मुळाशी, सजावटीच्या पोकळीत आणि टाकीबाहेर जमिनीवरही शोधा, कारण काही मासे उडी मारतात. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. टाकीच्या पाण्यातला एक जिवाणू जखमेतून शिरला तर लवकर न बरी होणारी गाठ येते.

फेकण्याआधी त्या माशाला पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात नीट बघा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि पुष्कळ सांगून जातं. कल्ले लालसर असायला हवेत. तपकिरी दिसले तर नायट्राइटचा संशय घ्या. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे व्हाइट स्पॉट हा आजार, तो बाकीच्यांना लागण्याची दाट शक्यता असते. पोट फुगलेलं आणि खवले बाहेर उभे राहिलेले म्हणजे आतली सूज. पर फाटलेले असतील तर मारामारी असू शकते. कापसासारखी बुरशी दिसली तर मात्र तिलाच कारण धरू नका, कारण ती मेल्यावरही काही तासांत येते.

त्याच वेळी तपासणीसाठी एका स्वच्छ बाटलीत टाकीचं थोडं पाणी भरून ठेवा, आणि हे पाणी बदलण्याच्या आधी करा. नंतर तपासलं तर खरा आकडा हाती लागत नाही. अमोनिया शून्य हवा, नायट्राइट शून्य हवं, नायट्रेट ४० पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या) खाली. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, आकडे शून्यावर येईपर्यंत. नवं पाणी जुन्याइतकंच कोमट असू द्या आणि त्यातलं क्लोरीन आधी औषधाने घालवा, कारण क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतं. फिल्टर बंद करू नका. स्पंज फारच तुंबला असेल तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात एकदा-दोनदा हलका दाबा, बस. एक-दोन दिवस खाद्य बंद. धडधाकट मोठ्या माशांना त्याने काही होत नाही.

आकडे ठीक निघाले तर बाकीच्या माशांकडे बघा. सगळेच वर येऊन धापा टाकत असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय; पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, शिवाय रात्री झाडंही तो वापरतात, म्हणून असे मासे सकाळी जास्त त्रासलेले दिसतात. एअर पंप लावा. एका रात्रीत बरेच मासे गेले तर घरात काय फवारलं ते आठवा. डास-झुरळांच्या बऱ्याच स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक असतं, ते माशांना फारच घातक. आणि बाकीचे सहा जण मजेत खात-फिरत असतील, तर कदाचित तो एकच मासा आधीपासून अशक्त होता. आजार ओळखल्याशिवाय औषध ओतू नका. काही औषधं त्या जिवाणूंनाच मारतात.

मेलेला मासा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका किंवा मातीत खोल पुरा. शौचालयात नको, आणि नदी-तळ्यात तर मुळीच नको. टाकीतला आजार तिथल्या माशांना लागू शकतो.

नवी मॉली आणायची घाई वाटेल, मलाही वाटली होती. थांबा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन टिकले, आणि पुढचे तीन-चार आठवडे कुणी मेलं नाही, की मगच आणा. तेव्हाही एकदम पाच-सहा नको, एक-दोनच. शक्य असेल तर त्यांना आधी तीन-चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा. त्या टाकीची जाळी आणि पाइप मोठ्या टाकीत वापरू नका. तपासणीचे आकडे आले की इथेच खाली लिहा, मी बघते.