वाचकांचे प्रश्न : बसचा ठावठिकाणा आणि ॲपचे अंदाज

प्रश्न : ॲपमध्ये ‘बस ४ मिनिटांत’ असे दिसते. थोड्या वेळाने ती बस नकाशावरून नाहीशी होते आणि थांब्यावर काहीच येत नाही. जीपीएस बिघडलेले असते का?
– शहर बसने रोज कामाला जाणारी वाचक

उत्तर : बहुतेक वेळा जीपीएस ठीक असते. ते यंत्र एवढेच कळवते की अमुक नंबरची गाडी अमुक जागी आहे. ती कोणत्या मार्गाची कितवी फेरी करते आहे, ही जोड आगारात घातली जाते, आणि तिथेच ती तुटते. आदल्या दिवशी ड्यूटी लावताना एक गाडी ठरते. पहाटे तिच्या ब्रेकची हवा धरत नाही म्हणून ती कार्यशाळेत जाते आणि वाहतूक नियंत्रक स्पेअर गाडी देतो. बदल वहीत चढतो, संगणकात चढत नाही. मग ॲपमध्ये त्या फेरीची नुसती वेळापत्रकातली वेळ दिसत राहते आणि प्रवाशांना घेऊन धावणारी खरी गाडी कुणालाच दिसत नाही.

यावरचा उपाय वाहकाच्या तिकीट मशीनमध्ये आहे. वे-बिल, म्हणजे वाहकाचा ड्यूटीचा हिशेब, उघडताना ड्यूटी क्रमांक येतोच. त्याच वेळी गाडीत चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करणे सक्तीचे करावे. गाडीचा नंबर हाताने टाकायला लावला, तर घाईत आदल्या दिवशी ठरलेलाच नंबर टाकला जातो. सर्व्हरवर एक साधा नियमही हवा : फेरीची वेळ होऊन १० मिनिटे झाली आणि नेमलेली गाडी अजून आगाराच्या हद्दीतच आहे, तर ती फेरी ॲपमधून काढून नियंत्रकाला सूचना जावी.

दुसरे कारण शेवटच्या थांब्यावर असते. तिथे गाडी विश्रांतीला उभी असताना ॲपचा अंदाज चालूच राहतो. गाडी थांब्याच्या हद्दीबाहेर पडल्यावरच वेळ मोजायला घ्यावी; तोपर्यंत ‘वेळापत्रकानुसार’ असे स्पष्ट लिहावे. प्रत्यक्ष जागेवरून काढलेली वेळ आणि वेळापत्रकातली वेळ एकाच रंगात दाखवणे ही प्रवाशाची फसवणूक आहे, मग ती नकळत का होईना.

प्रश्न : आमच्या परिवहन उपक्रमाकडे ६० गाड्या आहेत. बसचा ठावठिकाणा दाखवायची सुरुवात कुठून करावी? थांब्यांवरचे डिजिटल फलक आधी घ्यावेत का?
– आगार कर्मचारी

उत्तर : फलक सर्वांत शेवटी घ्या. चुकीची माहिती मोठ्या अक्षरांत दाखवून काहीच साधत नाही.

पहिले काम थांब्यांची यादी. प्रत्येक थांब्याला दिशेनुसार वेगळा क्रमांक द्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे समोरासमोरचे थांबे २०–२५ मीटरवर असतात आणि थांब्याची हद्द साधारण ५० मीटरची धरावी लागते. म्हणजे नुसत्या जागेवरून गाडी जाते आहे की येते आहे हे कळत नाही. ते फेरीतल्या थांब्यांच्या क्रमावरून ठरवावे लागते. थांब्यावर स्वतः उभे राहून जागा नोंदवा, ऑफिसात नकाशावर टिंबे टाकू नका. अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत ठेवा. पाचवे स्थळ सुमारे एक मीटरचे असते.

मग मार्ग आणि वेळापत्रक जीटीएफएस या, ॲपना वाचता येणाऱ्या खुल्या मांडणीत भरा. त्यात रात्रीच्या गाड्या हमखास चुकतात. रात्री ११:४० ला सुटून १:१० ला पोहोचणारी फेरी त्याच दिवसाच्या खात्यात राहावी म्हणून पोहोचण्याची वेळ २५:१०:०० अशी लिहायची असते. ०१:१०:०० लिहिले की पोहोचण्याची वेळ सुटण्याच्या आधीची ठरते.

गाडीतल्या यंत्रासाठी एआयएस-१४० हे मानक आहे. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचे हे मानक पाळणारे यंत्र आणि आणीबाणीचे बटण सार्वजनिक वाहनांना केंद्रीय मोटार वाहन नियम १२५एच खाली लागते. यंत्र चांगले असूनही जोडणीमुळे मार खाते. मुख्य वायर बॅटरी कट-ऑफ स्विचच्या पुढून घेतली, तर रात्री स्विच पाडल्यावर यंत्र आतल्या बॅटरीवर जाते. मानकात तिची अपेक्षा ४ तासांची आहे. गाडी त्याहून जास्त वेळ उभी राहते, बॅटरी रोज पूर्ण उतरते आणि लवकर निकामी होते. वायर बॅटरीच्या बाजूने, स्वतंत्र फ्यूज टाकून घ्या. इग्निशनची वायर वेगळी द्या, म्हणजे गाडी बंद असल्याचे यंत्राला कळते. अँटेना पत्र्याखाली किंवा एलईडी फलकाला चिकटून नको. फलकाच्या पॉवर सप्लायचा त्रास होतो. गाडी धुताना पाण्याचा फवारा लागेल अशा जागी कनेक्टर ठेवू नका.

गाडीची जागा दर १० सेकंदांनी यावी. ताशी २० किलोमीटर वेगाने बस तेवढ्यात ५५ मीटर जाते. मिनिटाने एकदा जागा आली तर ३३० मीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ एक थांबा.

प्रश्न : आमच्या बसवर मार्गाचे नाव तुटक दिसते. ‘शिवाजीनगर’मधली पहिली वेलांटी ‘श’च्या नंतर, उजवीकडे जाऊन पडते. – एक वाचक

उत्तर : संगणकात आधी ‘श’ आणि मग वेलांटी अशीच साठवण असते, दाखवताना वेलांटी ‘श’च्या आधी, डावीकडे आणणे हे फलकाच्या कंट्रोलरचे काम. स्वस्त कंट्रोलर अक्षरे आली तशी मांडतो. म्हणून नावे सर्व्हरवर चित्ररूपात तयार करून फलकाला पाठवावीत. दिव्यांच्या १६ ओळींत इंग्रजी अक्षर नीट बसते, पण देवनागरीला शिरोरेघेवर रफार आणि मात्रा, खाली उकार लागतो. २४ ओळी मागा. खरेदीपूर्वी ‘कुर्ला’, ‘विद्यापीठ’, ‘कोथरूड’ ही नावे भर उन्हात लावून पाहा.

प्रश्न : जीपीएस यंत्रांचा पुरवठादार बदलल्यावर गाड्यांची जुनी माहिती मिळत नाही. निविदेत काय लिहावे? – परिवहन समितीचे सदस्य

उत्तर : सर्व कच्च्या नोंदी उपक्रमाच्या मालकीच्या, आणि त्या रोज उपक्रमाच्या सर्व्हरवर उतरतील, असे लिहा. एआयएस-१४० यंत्रात माहिती पाठवण्यासाठी सरकारी यंत्रणांच्या दोन सर्व्हर-पत्त्यांखेरीज कामकाजासाठी वेगळा पत्ता देता येतो; तो उपक्रमाचा असावा आणि यंत्रांचे पासवर्डही उपक्रमाकडे असावेत. बिल ‘किती यंत्रे बसवली’ यावर देऊ नका. दर महिन्याला वेगवेगळ्या थांब्यांवर माणूस उभा करून ५ मिनिटे आधीचे १०० अंदाज तपासा : बस १ मिनिट लवकर ते २ मिनिटे उशिरा या मर्यादेत किती वेळा आली? न आलेली बसही चुकीतच धरायची. त्या आकड्यावर बिल ठरवा.