माशांच्या 2 फुटी टाकीतली रंगीत खडी काढून गुहागरच्या किनाऱ्याची वाळू घालायची आहे. चालेल का? मासे बाहेर काढावे लागतील का?

मासे काढावेच लागतील. आणि किनाऱ्याची वाळू नको.

"दहा पाण्यांनी धुतली की झालं" हे कोकणात घरोघरी ऐकू येतं, आणि माझा याच वाक्याशी जुना वाद आहे. धुतल्याने मीठ जातं, शिंपल्यांचा चुरा कुठे जातो? तो चुरा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी सहसा हलकं आणि किंचित आम्लधर्मी असतं, त्यात तो आणखी विरघळतो. पाण्याचा जडपणा आणि पीएच दोन्ही चढतात. वाळू उकळली तरी तेच. खात्री करायची तर चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर ओता. फसफसली की नाद सोडा. खाडीच्या वाळूचंही हेच.

कणकवली तालुक्यात कासार्ड्याला सिलिका वाळू निघते. तसली, किंवा पाण्याच्या फिल्टरमध्ये भरतात ती, 1 ते 2 मिमी दाण्याची घ्या. 2 बाय 1 फुटाच्या तळाला दीड इंच थरासाठी साधारण 11 किलो लागते. झाडं लावायची नसतील तर 2 इंचांच्या वर जाऊ नका. खाली प्राणवायू पोचत नाही आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू साठतो. जुन्या खडीखालीही तो असू शकतो, म्हणूनच मासे आत ठेवून उपसायचं नाही.

आदल्या दिवशी खाणं बंद. खडीला हात लावण्याआधी वरचं नितळ पाणी सायफनने दोन-तीन बादल्यांत काढून ठेवा. एका बादलीत मासे, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) आणि वर ओलं फडकं, नाहीतर उड्या मारतात. फिल्टर दुसऱ्या बादलीत, त्याच पाण्यात, चालू. त्याचा स्पंज नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात आणि चार दिवसांनी मासे पृष्ठभागावर धापा टाकू लागतात. खडी प्लास्टिकच्या सुपडीने काढा, पत्र्याच्या नको, काचेवर ओरखडे उठतात. तळाचं गढूळ पाणी झाडांना.

जिवाणूंचा मोठा वाटा खडीवरही असतो. म्हणून मूठ-दोन मूठ जुनी खडी जाळीच्या पिशवीत भरून तीन आठवडे टाकीत टांगून ठेवा. दिसायला वाईट, पण राहू द्या.

वाळू थोडी थोडी बादलीत घेऊन, नळी तळाशी घालून, वरून वाहणारं पाणी नितळ होईपर्यंत ढवळत धुवा. टाकीत पसरली की वर ताटली ठेवून तिच्यावर पाणी सोडा: निम्मं जुनं, निम्मं क्लोरीन काढलेलं. पॉवर फिल्टर गढूळपणा बसल्यावरच टाकीत लावा. इंपेलरमध्ये, म्हणजे फिल्टरच्या पाणी ढकलणाऱ्या पंख्यात, वाळू गेली की तो घासून जातो. पुढचा आठवडा खाणं अर्धं, एक दिवसाआड अमोनिया तपासा, 0.25 पीपीएम दिसला की पाव टाकी पाणी बदला.

जून-जुलैत हे काम काढू नका. वीज रात्रभर गेली की नव्या वाळूची टाकी तग धरत नाही. काढायचंच असेल तर बॅटरीवरचा एअर पंप आधी आणून ठेवा.

टाकीत फक्त मॉली आणि गप्पी असतील तर शिंपल्यांचा चुरा त्यांना मानवतो, टेट्रांना नाही. पण तेव्हाही गुहागरहून पोती भरू नका, सीआरझेडमध्ये (किनारपट्टी नियमन क्षेत्रात) वाळूउपशाला बंदी आहे.