दाबलेली हवा तापते का, आणि त्या तापाचे पुढे काय होते?

प्रश्न : सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक चटका बसेल इतके तापते. घरात सगळे म्हणतात की आतला वॉशर घासल्यामुळे ते तापते. हे खरे आहे का? आणि नुसती हवा दाबून उष्णता मिळत असेल, तर तिचा कुठे उपयोग होतो का?
– एक विद्यार्थिनी, वाई

उत्तर : घर्षणाचा वाटा यात आहे, पण तो थोडा आहे, आणि हे घरच्या घरी पडताळून पाहता येते. पंपाची नळी चाकाला न लावता मोकळी ठेवा आणि दांडा पन्नास वेळा खालीवर करा. वॉशर जवळजवळ तेवढाच घासला जातो, तरी पंप जेमतेम कोमट होतो. आता नळी व्हॉल्व्हला लावून तितक्याच वेळा हवा भरा आणि पंपावर वरपासून खालपर्यंत हात फिरवा. वॉशर नळकांड्याच्या सगळ्या लांबीवर घासतो, पण ताप मात्र तळाशी एकवटलेला असतो, म्हणजे नेमका जिथे हवा सर्वांत जास्त दाबली जाते तिथे.

याचे कारण असे की, हवेचे रेणू सतत इकडून तिकडे धावत दट्ट्यावर आदळत असतात. दट्ट्या स्थिर असेल तर रेणू आला त्याच वेगाने परततो. पण दट्ट्या पुढे सरकत असेल, तर फलंदाजाने पुढे येऊन टोलावलेल्या चेंडूसारखा तो जास्त वेगाने परत फिरतो. रेणूंचा सरासरी वेग वाढणे म्हणजेच तापमान वाढणे. तुमच्या दंडाने केलेले श्रम अशा रीतीने हवेत उष्णतेच्या रूपाने जमा होतात. ३० अंश सेल्सिअसची हवा झटक्यात निम्म्या जागेत कोंबली आणि उष्णतेला बाहेर पडायला सवडच दिली नाही, तर हिशेबाने तिचे तापमान १२५ अंशांच्या पुढे जाते. पंपात ते इतके चढत नाही, कारण बरीचशी उष्णता धातूत आणि धातूतून तुमच्या हातात जाते.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण या उष्णतेवर एक अख्खे यंत्र उभे आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. त्याच्या सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या साधारण अठराव्या भागात दाबली जाते. हिशेबाने तिचे तापमान साडेसहाशे अंशांच्या वर जाते आणि काही उष्णता वाया गेली तरी फवारलेले डिझेल आपोआप पेटण्यासाठी उरलेली पुरेशी असते. रुडॉल्फ डिझेल यांनी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे १८९७ साली चालवून दाखवलेल्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामात उतरवली, तेव्हा त्या काळची बहुतेक वाफेची इंजिने त्याच्या निम्म्यावरही पोहोचत नव्हती. हवा जितकी जास्त दाबावी तितके इंधनातून जास्त काम मिळते, हेच त्यामागचे मुख्य कारण आहे.

हे इंजिन आपल्याकडे विहिरींवर पोहोचले. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा त्यात मोठा वाटा आहे. ज्यांनी अशा इंजिनाला हँडल मारले आहे, त्यांना दाबलेल्या हवेचा जोर वेगळा सांगावा लागत नाही. सिलिंडर बंद असताना हवा इतकी अडते की चाक हाताने फिरतच नाही. म्हणून डोक्यावरचा एक खटका वर करून झडप उघडी ठेवायची, हवा मोकळी जाऊ द्यायची, हँडल मारून चाकाला भरपूर गती आणायची आणि मग खटका पाडायचा. त्या क्षणी हवा कोंडली जाते, तापते, आणि इंजिन धडधडू लागते. खटका घाईने पाडला तर चाक जागीच अडते, कारण हवा दाबण्याइतकी गती त्यात साठलेली नसते.

फ्रीजमध्ये याच उष्णतेचा उपयोग गारव्यासाठी होतो. उष्णता आपण होऊन गरम वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते, त्यामुळे आतून उष्णता घेऊन आलेला थंडगार वायू ती ३५ अंशांच्या स्वयंपाकघराला देऊच शकत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबून खोलीपेक्षा जास्त गरम करतो, आणि मग तो जाळीतून ती उष्णता सोडून देतो व द्रवरूप होतो. पुढे दाब उतरला की तोच द्रव उकळून पुन्हा आतली उष्णता ओढून घेतो. मागची जाळी किंवा नव्या फ्रीजच्या बाजू गरम लागतात त्या यामुळेच, आणि म्हणून फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवू नये.

आता तुमच्या वाईचेच उदाहरण घ्या. समुद्रावरून आलेली हवा सह्याद्री चढताना वरच्या विरळ दाबात प्रसरण पावते, थंड होते, आणि तिच्यातील बाष्प महाबळेश्वरला कोसळते. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हीच हवा पूर्वेकडे उतरताना खाली वाढत जाणाऱ्या दाबाने दबते, आणि कोरडी हवा हजार मीटर उतरली की सुमारे १० अंशांनी तापते. तापलेल्या हवेत अधिक बाष्प मावते, त्यामुळे उरलेसुरले ढगही विरू लागतात. बरेचसे पाणी घाटमाथ्यावर आधीच सांडलेले असतेच. या दोन्ही कारणांनी अवघ्या तीसेक किलोमीटरवरील वाईला वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरही भरत नाही. पावसाळ्यात पाचगणीच्या माथ्यावर दाटलेले ढग तुमच्या गावापर्यंत येता येता विरताना दिसले, तर सायकलच्या पंपात घडते तेच तिथे घडते आहे असे समजा.

प्रश्न : घरगुती गॅसचे सिलिंडर हलक्या पत्र्याचे असते, मग गाडीतील सीएनजीची टाकी इतकी जड का?
– एक रिक्षाचालक, ठाणे

उत्तर : कारण एकात द्रव आहे आणि दुसऱ्यात वायूच आहे. घरगुती गॅसमधील प्रोपेन आणि ब्यूटेन नेहमीच्या तापमानाला मध्यम दाबातच द्रवरूप होतात आणि वायूच्या तुलनेत सुमारे अडीचशेव्या भागात मावतात, म्हणून १४.२ किलो गॅस स्वयंपाकघरातील एका कोपऱ्यात राहतो. सीएनजी हा मुख्यतः मिथेन आहे. टॉमस अँड्र्यूज या आयरिश रसायनशास्त्रज्ञाने १८६९ साली कार्बन डायऑक्साइडवरील प्रयोगांतून दाखवले की प्रत्येक वायूला तापमानाची एक मर्यादा असते आणि तापमान त्या मर्यादेच्या वर असेल तर कितीही दाब दिला तरी तो द्रव होत नाही. कार्बन डायऑक्साइडसाठी ही मर्यादा ३१ अंश आहे, तर मिथेनसाठी ती उणे ८२ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे गाडीत तो वायुरूपातच, वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने ठासावा लागतो, आणि तो दाब पेलायला जाड भिंतीची टाकी लागते. भरताना हीच टाकी गरम होते, आणि गरम वायूने दाबाची मर्यादा लवकर गाठल्यामुळे उन्हाळ्यात टाकीत गॅस थोडा कमी बसतो.