विमानतळाजवळ हेलिकॉप्टर आणि विमान एकाच वेळी आली तर टक्कर कशी टाळतात?

प्रचाराच्या दिवसांत हेलिकॉप्टर कोल्हापूर शहरावरून कागलकडे चाललं होतं, त्याच वेळी उजळाईवाडीच्या विमानतळावर विमान उतरत होतं आणि दोन्ही एकमेकांना खेटून गेल्यासारखी वाटली, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी त्यांना सांभाळतं कोण, हा तुमचा प्रश्न. मी हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. कोल्हापूरच्या टॉवरमध्ये काम केलेलं नाही, पण नियम सगळीकडे तेच.

खेटून गेल्याचं आधी बघू. एटीआर ७२ विमान २७ मीटर लांब असतं, प्रचारातलं हेलिकॉप्टर साधारण त्याच्या निम्मं. खालून दोन्ही सारखीच दिसली असतील, तर विमान हेलिकॉप्टरच्या दुप्पट अंतरावर होतं. खालून बघून अंतराचा अंदाज लावायला जाऊच नये.

एक वर ठेवायचं, एक खाली ठेवायचं, झालं काम, असं बऱ्याच जणांना वाटतं. विमानतळापासून लांब असाल तर ते ठीक आहे. पण उतरणारं विमान तीन अंशांच्या उतारावर येतं, म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट खाली. पाच मैलांवर ते जमिनीपासून साधारण १६०० फुटांवर असतं, एका मैलावर ३०० च्या आसपास. हेलिकॉप्टर ज्या ज्या उंचीवर उडेल, तिथून हे विमान कुठे ना कुठे खाली येणारच. म्हणून जवळ आल्यावर भरवशाचे उपाय दोनच: वाट वेगळी, नाहीतर वेळ वेगळी.

आपली धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि शहर तिच्या वायव्येला. शहरावरून कागल-गडहिंग्लजकडे जायचं, तर धावपट्टीची सरळ रेघ कुठेतरी ओलांडावीच लागते. विमान जवळ आलं असेल तर नियंत्रक हेलिकॉप्टरला सांगतो, समजा, रंकाळ्यावर थांबा. ते तिथे गोल फिरत राहतं, विमान टेकलं की पुढे सोडतात. ओलांडायला पुष्कळदा सोयीची जागा म्हणजे धावपट्टीचा मध्य, बरोबर डोक्यावरून. ऐकून दचकायला होतं, पण उतरलेलं विमान तिथे जमिनीवर असतं; दोन-तीन मैल अलीकडे मात्र ते नेमकं हेलिकॉप्टरच्या उंचीला असतं. अट एवढीच की उतरायला आलेलं विमान ऐनवेळी परत वर उठू शकतं, म्हणून ते टेकेपर्यंत मध्यही मोकळा ठेवायचा.

वाट आणि वेळ सोडून नजरेवर विसंबलं की काय होतं, ते २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ दिसलं. प्रवासी विमान आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर धडकले, ६७ जण गेले. हेलिकॉप्टरच्या वाटेवर उंचीची मर्यादा २०० फूट होती, टक्कर त्याच्या वर झाली. पण मर्यादा पाळली असती तरी त्या वाटेत आणि ३३ क्रमांकाच्या धावपट्टीकडे येणाऱ्या विमानाच्या उतारात एका ठिकाणी जेमतेम ७५ फूट उरत होते, असं तपासात निघालं. माझ्या मते तो नकाशाच अपघाताची अर्धी तयारी होता. त्यात हेलिकॉप्टरने 'विमान दिसतंय' म्हणून आपलं आपण अंतर ठेवायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. रात्र, शहराचे दिवे, रांगेत येणारी विमानं. दिसलं ते नेमकं कुठलं? दोन्ही वैमानिक वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असल्याने एकमेकांचं बोलणंही ऐकू शकत नव्हते.

विमानातली टक्कररोधक यंत्रणा, म्हणजे टीकॅस, असते की, असं कोणी म्हणेल. हरियाणातल्या चरखी दादरीजवळ १९९६ मध्ये झालेल्या दोन विमानांच्या टकरीनंतर भारताने ती सक्तीची केली, आणि बरं केलं. पण जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली ती 'वर जा, खाली जा' हे सांगणं बंद करते. टेकायच्या बेतातल्या विमानाला खाली जा सांगून कसं चालेल?

कोल्हापूरला रेगनसारखी गर्दी नाही, त्यामुळे हेलिकॉप्टरला पाच मिनिटं थांबवणं अवघड नसतं. मला काळजी वाटते ती तालुक्याच्या गावातल्या तात्पुरत्या हेलिपॅडची. तो टॉवरवरून दिसत नाही. रेडिओ सरळ रेषेत चालतो, डोंगर आड आला की जमिनीवरून टॉवरला आवाजही लागत नाही. म्हणून पंखा फिरायच्या आधी फोन करून वेळ कळवणं चांगलं. पण सभा वेळेवर संपते कधी? साडेचारला निघणारं हेलिकॉप्टर साडेपाचला निघतं, आणि असल्या मैदानांवरून अंधारात उडता येत नाही, म्हणून सूर्यास्ताच्या आत सगळेच घाई करतात. त्या अर्ध्या तासात संध्याकाळचं विमानही उतरायला आलं, तर टॉवरमधला माणूस हेलिकॉप्टरलाच थांबवणार, मग आत मंत्री असो की नवरदेव.