ख्रिस्ती विश्वासात नव्याने आलेल्या बंधूस

प्रिय बंधू, राग आणि खोटे बोलणे अजून सुटत नाही, म्हणून आपला विश्वासच खोटा असावा, असे आपण लिहिले आहे. कृपया तसे समजू नका. जे करू नये तेच हातून घडते, ही वेदना येशूचा प्रेषित पौल यानेही बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ७व्या अध्यायात मांडली आहे.

सुरुवातीला एवढेच करा:

१. इतवारीतील दुकान उघडण्यापूर्वी मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूच्या जीवनाचा वृत्तान्त, थोडे थोडे वाचून प्रार्थना करा. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचे आहे.

२. पाप घडल्यास त्याच दिवशी, त्याचे नाव घेऊन, देवाजवळ कबूल करा. 'मी पापी आहे' असे मोघम म्हणणे सोपे असते. 'आज गिऱ्हाइकाला मालाविषयी खोटे सांगितले' असे म्हणणे जड जाते, पण बदलाची सुरुवात तिथूनच होते. ज्याचे नुकसान झाले त्याचे पैसेही परत करा. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती.

३. मंडळीतील (चर्चमधील) एखाद्या प्रौढ, विश्वासू व्यक्तीला आपला संघर्ष सांगा.

नवखे लोक मोहालाच पाप समजून खचतात. मोह येशूलाही झाला होता. याहून घातक चूक म्हणजे पाप घडल्यावर लाजेने रविवारची उपासना टाळणे. माझ्या मते अनेकांची वाट तिथेच सुटते. उपवास आणि रात्रभराच्या प्रार्थनांचा विचार सध्या नको. येत्या रविवारी, आठवडा कसाही गेला असला, तरी उपासनेला अवश्य या.