पहिल्यांदाच वाचायचं, तेही सगळ्यांसमोर?

"अक्षरं सगळी येतात हो, पण वाचायला लागली की अडखळते." मुलगा असो वा मुलगी, पालक आणि शिक्षक दोघांकडूनही ही तक्रार मी सतत ऐकते. म्हणून चौथीतल्या एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिच्या वर्गात धडा वाचायची पद्धत नेहमीचीच होती. एकामागून एक मुलं उभी राहणार, प्रत्येकाने एक परिच्छेद वाचायचा. आपला नंबर आला की ही शब्द तोडत, आवाज बारीक करत वाचायची. मागून कोणीतरी पुढचा शब्द ओरडून सांगायचं.

मी तिला विचारलं, "तुझ्या आधी बाकीचे वाचतात, तेव्हा तू काय करतेस?"

"माझा परिच्छेद कुठला येणार ते मोजते. मग तोच मनात वाचत बसते."

म्हणजे सगळ्या धड्यातलं तिच्या कानावर काहीच पडत नव्हतं. मग एक छोटा उतारा तिच्याकडून वाचून घेतला आणि त्यात काय होतं ते विचारलं. ती गोंधळली. "मला कसं कळणार? मी तर वाचत होते!"

या उत्तरात सगळं आलं. आपलं लक्ष एका वेळी थोडंच पुरतं. ते सगळं जोडाक्षरं आणि रफार सोडवण्यात खर्ची पडलं, तर अर्थासाठी काही उरत नाही. शब्द नजरेसरशी ओळखू आले की लक्ष मोकळं होतं. सॅम्युएल्स या अभ्यासकाने १९७९ साली त्यावर साधा उपाय मांडला होता: तोच लहान उतारा पुन्हा पुन्हा वाचायचा. मोठ्यांच्या सोबतीने असं वाचन केल्याने ओघ आणि आकलन दोन्ही सुधारतं, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलनेही २००० साली काढला. माझा या मार्गावर पूर्ण विश्वास आहे.

आई मात्र तिला रोज नवा धडा वाचायला बसवत होत्या, तेही मोबाइलवर वेळ लावून.

"एकच उतारा वाचला तर पाठ होईल ना तिचा?"

"होऊ दे की थोडा. गायक एकच बंदिश महिनोन्महिने घोळवतो, तिला आपण घोकंपट्टी म्हणत नाही. फक्त तिचं बोट शब्दाखाली हवं. आणि ते घड्याळ बंद करा. वेग मागाहून येतो."

उतारा शंभरेक शब्दांचा घ्यायचा. त्यात दहापेक्षा जास्त शब्द अडले तर तो अवघड आहे, सोपा निवडायचा. आधी आईने वाचायचं, मग दोघींनी मिळून, मग तिने एकटीने. शब्द अडला तर तीन-चार सेकंद थांबायचं आणि तरीही जमलं नाही तर शांतपणे सांगून पुढे जायचं. दहा मिनिटं पुरेत.

पुढच्या एका भेटीत मी वाक्यांत पेन्सिलीने तिरप्या रेघा मारून दिल्या. "रेघेपर्यंत एका दमात वाच." वाक्य होतं: आजोबांनी हळूच / दार उघडलं, / तर बाहेर / कोणीच नव्हतं. पहिल्यांदा तिने ते सपाट वाचलं. दुसऱ्यांदा शब्द जुळले. तिसऱ्यांदा 'तर बाहेर' म्हणताना तिचा आवाज आपोआप खाली आला, ती थांबली आणि मान वर करून म्हणाली, "कोणीच नव्हतं? मग दार कोणी वाजवलं?"

याच प्रश्नाची मी वाट पाहत होते! तोवर ती अक्षरं वाचत होती, आता गोष्ट वाचायला लागली. ओघवतं वाचन म्हणजे भराभर वाचन नव्हे. कुठे थांबायचं आणि कुठे आवाज चढवायचा, हे अर्थ कळल्याशिवाय जमत नाही.

वर्गात तिला असं अचानक उभं करू नका, असं मी सुचवलं तेव्हा शिक्षिकांची शंका रास्त होती. "उभंच केलं नाही, तर भीती जाणार कशी?"

"उभं करा ना, पण तयारीनिशी. परिच्छेद आदल्या दिवशी सांगून ठेवा."

त्यांनी नंबराने वाचून घेणं थांबवलं. आधी त्या स्वतः वाचू लागल्या, मग सगळा वर्ग एका सुरात, मग जोड्यांमध्ये. संवाद असले की मुलं पात्रं वाटून घेत. नाट्यवाचनासाठी तोच भाग दहा वेळा वाचायलाही मुलं कुरकुरत नाहीत, म्हणून ते मला फार आवडतं. भरल्या वर्गातही हे जमतं. ज्या शिक्षकांनी मनावर घेतलं, त्यांच्या वर्गांत फरक पडलेला मी पाहिला आहे.

काही मुलांना एवढ्याने पुरत नाही. सुटी अक्षरंच चुकत असतील, तर आधी तिथे काम करावं लागतं. आणि दोन-तीन महिने नेमाने सराव करूनही फरक दिसला नाही, तर डोळे आणि कान तपासून घ्या आणि अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकण्यातच मुळात येणाऱ्या अडचणीची, तज्ज्ञांकडून चाचणी करून घ्या. 'मोठी झाली की येईल' म्हणत वर्ष घालवू नका.